राज्याची सुरक्षितता आणि आपला छापखाना

देशाची सुरक्षितता आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी तराजूच्या भाषेत विचारला जातो. एका पारड्यात राज्य, दुसऱ्या पारड्यात वृत्तपत्र. कोणते पारडे किती झुकवायचे एवढेच ठरवायचे बाकी असते. जुन्नर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. वक्तृत्वस्पर्धांना हा विषय दर एक-दोन वर्षांनी येतो आणि बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर देतात : देश आधी, वृत्तपत्र नंतर. मी त्यांना दोष देत नाही. त्यांतले कितीतरी जण सैन्यभरतीची नाहीतर पोलीसभरतीची तयारी करणारे असतात. शेत थोडे, घरात शिकलेले कोणी नाही, अशा घरांना दिसणारी तीच एक वाट असते. माझ्याही घरात माझ्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते, म्हणून त्या वाटेचे मोल मला कळते. उद्या सरहद्दीवर उभे राहणाऱ्याला देशाच्या सुरक्षिततेविषयी आस्था वाटणारच.

माझी हरकत त्या तराजूला आहे. त्यात तिसऱ्या पक्षाला जागाच नाही. राज्यकर्ता आणि संपादक यांच्या भांडणात ज्याच्याजवळ राज्यही नाही आणि छापखानाही नाही, त्याचे काय होते? इतिहासात त्याचे नाव येते ते बहुधा पोलिसांच्या दप्तरातून. सुरक्षिततेचा प्रश्न त्याच्या बाजूने मांडला तर त्याचे रूपच बदलते, असे मला वाटते. हा बदल आमच्या जुन्नर-आंबेगाव भागाच्या इतिहासातून जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठ्या शहरांच्या इतिहासातून दिसत नाही. म्हणून सुरुवात येथूनच करतो.

१

कोणाचे लिहिले जाते आणि कोणाचे राहून जाते, हा प्रश्न आमच्या भागात दोन हजार वर्षांचा आहे. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, गायी-घोडे-नाणी किती वाटली, याची ती राजघराण्याची यादी आहे. त्याच तालुक्यातील बौद्ध लेण्यांत मात्र निराळी माणसे भेटतात. तेथे बांबूचे काम करणारे आहेत, कासार आहेत, त्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाची नोंद आहे. श्रम करणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जावीत, ही बुद्धाच्या धम्माने दिलेली मुभा होती. पुढे ती मुभा गेली आणि या माणसांचे लिहिणे थांबले. ते थांबल्यावर त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार इतरांकडे गेला.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी समाजातील माणूस. १८७३ च्या सुमारास त्याने माणसे जमवली आणि पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात सावकारांवर हल्ले सुरू केले. सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. त्याला पकडण्यासाठी सरकारने इनाम लावले, फौजफाटा फिरवला आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियल या अधिकाऱ्याने त्याला पकडले. हाच डॅनियल पुढे तीन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांना पकडणार होता. फडक्यांचे आत्मवृत्त आणि रोजनिशी आपल्यापर्यंत आली. ते लिहू शकत होते. होन्याची कथा आपल्याला वाचावी लागते ती गॅझेटियरमधून, म्हणजे ज्यांनी त्याला पकडले त्यांच्या लेखणीतून. तिथे त्याचे नाव दरोडेखोरांच्या यादीत आहे. डोंगरातल्या माणसाची जमीन सावकाराच्या खात्यावर कशी गेली, कोऱ्या कागदावर अंगठा कसा उठला, हे सांगणारी त्याच्या बाजूची लेखणी नव्हती.

होन्या पकडला जाण्यापूर्वी एक वर्ष, १२ मे १८७५ रोजी, सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जखते जाळली. बघता बघता लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. हेच दख्खनचे दंगे. सरकारने चौकशी आयोग नेमला, आयोगाने सविस्तर अहवाल दिला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्याचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना सरकारच्या जागरूकतेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ती उलट दिसते. शेतकरी कसा जगतो हे कळण्यासाठी सरकारला आधी कर्जखतांच्या होळीचा धूर पाहावा लागला. त्यापूर्वी त्याचे म्हणणे राज्यकर्त्याच्या कानापर्यंत नेणारे साधनच नव्हते. मामलेदार कचेरीतला कारकून, गावचा कुळकर्णी आणि सावकार यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते. वर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याच हातून जात होता.

यातून राज्यकर्त्यांनी काय धडा घ्यायला हवा होता? बोलणाऱ्यांची संख्या वाढवावी, हा. घेतला गेला तो वेगळाच. १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनने एकाच बैठकीत देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा मंजूर करून घेतला. सरकारविषयी अप्रीती किंवा वंश, जात, धर्म यांत वैर उत्पन्न होईल असा मजकूर छापणार नाही, असे हमीपत्र मॅजिस्ट्रेट मुद्रकाकडून घेऊ शकत होता, अनामत मागू शकत होता, छापखाना जप्त करू शकत होता. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रे या कायद्यातून वगळलेली होती. म्हणजे साहेबाला कळणारी भाषा सुरक्षित होती, रयतेला कळणारी धोकादायक. दुष्काळात माणसे मरत होती त्याच काळात दुष्काळ सांगणारी भाषा सरकारने बांधून टाकली. १८७५ मध्ये जे राज्य ऐकू न आल्यामुळे गाफील राहिले, त्याने तीनच वर्षांत आपल्या कानात स्वतःच बोळा घातला.

२

या कायद्याच्या एक वर्ष आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले होते. बहुजन समाजाचे, सत्यशोधकी विचाराचे हे पहिले पत्र. पैशाअभावी ते भालेकरांच्या हातून सुटले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. लोखंडे हे पुढे गिरणी कामगारांचे पहिले मोठे पुढारी झाले. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आणि म्हणूनच पुढील घटना अधिक विचार करायला लावते.

१८८३ मध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. शेतसारा, पाटबंधारे, जंगलखाते, कोर्टकचेरी, कारकुनांची लूट आणि धर्माच्या नावाने होणारी लूट यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब त्यांनी मांडला. ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापून आली. पुढची प्रकरणे लोखंड्यांनी छापली नाहीत. सरकारची मर्जी फिरेल ही धास्ती त्यामागे होती, आणि आपल्याच माणसांतील या भित्रेपणाविषयीचा संताप जोतीरावांनी उघड नोंदवून ठेवला आहे. पूर्ण 'असूड' सर्वसामान्य वाचकाच्या हाती सहज येण्यासाठी १९६९ मध्ये शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाची वाट पाहावी लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८८३ मध्ये लिटनचा कायदा अस्तित्वात नव्हता. रिपनच्या कारकिर्दीत तो आधीच रद्द झाला होता. दंडसंहितेत १८७० मध्ये घातलेले राजद्रोहाचे १२४-अ कलम होते, पण 'दीनबंधु'च्या दारात पोलीस उभा नव्हता. कायदा गेला होता, त्याने पेरलेले भय गेले नव्हते. ज्याच्या पाठीशी वकील, वर्गणीदार आणि जातीचे बळ होते तो संपादक हे भय झुगारू शकत होता. ज्याचा छापखाना म्हणजे चार मित्रांची पुंजी, त्याला एक जप्ती म्हणजे सर्वनाश होता. सुरक्षिततेचे कायदे सर्वांना सारखे लागू असतात असे म्हणतात, पण त्यांचे ओझे सर्वांना सारखे लागत नाही. लोखंड्यांचा हात अडखळला तो या ओझ्याने. त्यांना भेकड म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

या संदर्भात आणखी एक घटना सांगितली पाहिजे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात दहा हजार रुपयांच्या जामिनासाठी रामशेठ उरवणे हे सत्यशोधक गृहस्थ जोतीरावांच्या सांगण्यावरून पुढे आले. दोघे सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतातही सत्यशोधक होते. 'केसरी' आणि सत्यशोधक यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर होते. तरीही विरोधकाचा छापखाना वाचला पाहिजे, ही जाण आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे. वृत्तपत्रस्वातंत्र्य हे उच्चवर्णीयांचे लाड आहेत असे आज आपल्यातील काही कार्यकर्ते चिडून म्हणतात, त्यांनी हा जामीन आठवावा.

आता पुन्हा जुन्नरकडे. १८८० नंतर सत्यशोधक समाजाची मुळे ओतूर आणि आसपासच्या गावांत खोल गेली. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्ने लावली. ग्रामजोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला. १८८५ च्या सुमारास जुन्नर भागातील शेतकऱ्यांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. म्हणजे त्यांनी संप केला.

दहा वर्षांचे अंतर पाहा. १८७५ च्या आगेमागे याच जिल्ह्यात नाके कापली जात होती, खते जाळली जात होती. १८८५ मध्ये संप होत होता आणि न्यायालयात वकील उभे राहत होते. यावरून एखादा पक्का सिद्धांत मांडण्याची घाई मी करणार नाही. होन्याची माणसे डोंगरातली महादेव कोळी होती, संप करणारे प्रामुख्याने मैदानी शेतकरी होते, आणि मधल्या काळात कर्जाचा कायदाही बदललेला होता. तरीही एवढे म्हणता येते की, या दहा वर्षांत गावोगाव छापील अक्षर पोचले होते. ते वाचून दाखवणारा, पोवाडे म्हणणारा, सभा घेणारा माणूस पोचला होता. आपले म्हणणे मांडता येते, ते कोणीतरी छापते, त्यावर वाद होतो, हा अनुभव माणसाच्या हातातली कुऱ्हाड खाली ठेवायला लावतो. राज्याची खरी सुरक्षितता कशात असते, याचे उत्तर जुन्नरच्या या शेतकऱ्यांनी दिले होते. सरकारने मात्र ते कधी आपल्या कायद्यात उतरवले नाही.

३

यानंतरचा इतिहास शाळेत शिकवला जातो, पण अर्धाच. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आली. आमच्या शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या मुखाने प्लेगच्या वर्षातला असंतोष बोलला. आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला, सहा वर्षे काळे पाणी. २२ जुलै १९०८ ही त्या शिक्षेची तारीख सर्वांना ठाऊक असते.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले, हे किती जणांना ठाऊक असते? महार समाजाचे हे पत्र. त्याची मागणी काय होती? आम्हाला सैन्यात घ्या, पोलिसात घ्या, शाळेत बसू द्या. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली, त्यांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जातींच्या सिद्धांताखाली बंद झाली होती. राज्य सुरक्षित राखण्यासाठी आमचे रक्त चालले, पण सुरक्षितता म्हणजे काय हे ठरवताना आमचे मत कोणी विचारले नाही. एका पुण्यात एकाच महिन्यात एक संपादक राज्याला धोकादायक म्हणून मंडालेला जातो आणि दुसरा संपादक राज्याचे रक्षण करण्याची संधी मागतो. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही. टिळकांवरील खटला अन्यायाचा होता, हे म्हणायला आपल्याला संकोच वाटू नये. फक्त एवढेच सांगायचे की, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास त्या एका खटल्याने सुरू होत नाही आणि त्याच्यापाशी संपतही नाही.

१९१० च्या प्रेस कायद्याने एक नवी युक्ती काढली. छापखाना किंवा पत्र नव्याने सुरू करणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेटने पाचशे ते दोन हजार रुपये अनामत घ्यावी, ती एकदा जप्त झाली की पुढची अनामत हजारापासून दहा हजारांपर्यंत. खटला नको, ज्युरी नको, हुतात्माही नको. नुसता पैसा मागायचा. हा कायदा अमलात असतानाच ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. अनामतीची कमाल रक्कम आणि ही देणगी शेजारी ठेवून पाहा. एका राजाने मोकळ्या हाताने दिलेल्या पैशातील पाच भागांपैकी चार भाग एका मॅजिस्ट्रेटच्या सहीने अडकू शकले असते. ज्याला शाहू महाराज भेटले नाहीत त्याने काय करायचे? किसन फागोजी बनसोड्यांसारख्या माणसाने पत्रामागून पत्र काढले आणि प्रत्येक वेळी पैशाने दगा दिला. सुरक्षिततेसाठी लावलेली अनामत ही गरिबाच्या बाबतीत बोलण्याआधीच केलेली शिक्षा असते.

आणि सरकारखेरीज दुसराही एक सेन्सॉर होता. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. अडतीस वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी सत्यशोधकांनी जामीन उभा केला होता, त्यांच्याच पत्राला तीन इंच जागा देणे जड गेले. राजद्रोहाच्या कायद्यासाठी निदान कलम दाखवावे लागते. या दुसऱ्या सेन्सॉरला कलमाची गरज नसते.

देशाचा शत्रू कोण, हे ठरवण्याचा मक्ताही याच काळात एका वर्गाकडे होता. दिनकरराव जवळकरांनी १९२५ मध्ये टिळक-चिपळूणकरांनाच 'देशाचे दुश्मन' ठरवणारे पुस्तक लिहिले, केशवराव जेध्यांनी ते प्रसिद्ध केले आणि बदनामीचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर, आणि आरोपी सुटले. पुस्तकाची भाषा जहाल होती, काही ठिकाणी सभ्यतेची मर्यादा ओलांडणारी होती. तरी बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले.

४

घटना समितीतील बाबासाहेबांची भूमिका मात्र आपण भक्तिभावाने न वाचता चिकित्सेने वाचली पाहिजे. मूलभूत हक्क निरपवाद असू शकत नाहीत, हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात अमेरिकेतील न्यायालयीन निर्णयांचे दाखले देऊन स्पष्ट सांगितले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख हवा, या दामोदर स्वरूप सेठ यांच्या मागणीवर त्यांचे उत्तर होते की, वृत्तपत्राला नागरिकाहून निराळे हक्क नाहीत. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो. हे उत्तर काही पत्रकारांना अपुरे वाटते. मला त्यात मोठा आशय दिसतो. छापखान्याच्या मालकाला जे स्वातंत्र्य आहे तेच वेठबिगाराला आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्याच चर्चेत कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीने 'राजद्रोह' हा शब्द मसुद्यातून गेला.

पुढे १९५० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. राज्याची सुरक्षितता आणि साधी सार्वजनिक सुव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्या निकालाचा गाभा होता. सरकारने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून कलम १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध', 'अपराधास चिथावणी' ही कारणे घातली. कायदामंत्री बाबासाहेब होते आणि दुरुस्तीचे समर्थन त्यांनी संसदेत केले. हे आपण लपवू नये. मूळ विधेयकात नसलेला 'वाजवी' हा शब्द प्रवर समितीनंतर त्या पोटकलमात आला. त्या एका शब्दामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहिला. आजही आपले सारे भांडण त्या एका शब्दाच्या आधाराने चालते.

दलितांच्या दृष्टीने या दुरुस्तीकडे दोन बाजूंनी पाहता येते. 'अपराधास चिथावणी' हे शब्द 'हिंसेस चिथावणी' यापेक्षा व्यापक आहेत, आणि त्याचे मोल आपल्याला कळते. गावाने बहिष्कार घालताना काठी उचलावी लागत नाही. दळण बंद, किराणा बंद, रानात काम बंद, एवढे पुरते. अशा बहिष्काराची हाक छापणाऱ्याला रोखता आले पाहिजे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो २०१६ मध्ये. दुसरी बाजू अशी की 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द ज्याच्या हाती गाव आहे त्याच्या हाती लवकर जातो. आमच्या भागातील एका गावात पाणवठ्यावरून दलित वस्तीला त्रास झाला, तेव्हा बातमीदाराने बातमी पाठवलीच नाही. विचारले तर म्हणाला, "सर, गावात तेढ वाढेल. शांतता राहू द्या." कोणाची शांतता? ज्याला पाणी मिळत होते त्याची.

५

१९७१ च्या अखेरीस संसदेने राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. त्यानंतर काही महिन्यांत मराठवाड्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रीची विटंबना झाली, आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूची किंमत आणि ध्वजाच्या अवमानाची शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. मोठे वादळ उठले. लेखाच्या भाषेवर पुष्कळ चर्चा झाली, आकडेमोडीवर फार थोडी झाली. ती आकडेमोड आपण पुढे नेऊ या. ध्वजासाठी कडक कायदा १९७१ मध्ये झाला. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८९ मध्ये झाला. राष्ट्राच्या कापडाला संरक्षण मिळाल्यावर राष्ट्राच्या माणसाला अठरा वर्षे थांबावे लागले. त्या लेखाने राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात आली नाही. राष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न तेवढा विचारला गेला. 'साधना' छापायला तयार झाली म्हणून तो विचारला गेला. ८९ वर्षांपूर्वी 'असूडा'च्या वाट्याला जे आले नाही ते ढाल्यांच्या लेखाच्या वाट्याला आले.

तीन वर्षांनी, २६ जून १९७५ रोजी, अंतर्गत सुरक्षिततेच्या नावाने देशभर सेन्सॉरशिप लागली. 'साधना'लाही न्यायालयात जावे लागले. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, असे ठरवले की, सेन्सॉरचे काम सरकारवरील टीका दडपणे हे नाही आणि त्याच्या आदेशाची तपासणी न्यायालय करू शकते. सगळेच गप्प होते तेव्हा महाराष्ट्रातील एक लहान मासिक आणि दोन न्यायमूर्ती गप्प नव्हते.

६

मग सुरक्षितता हा सगळा बनाव आहे काय? असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा दूरचित्रवाणी वाहिन्या सुरक्षा दलांच्या हालचाली क्षणाक्षणाला दाखवत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहून आपल्या माणसांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात या वार्तांकनावर कठोर टीका केली, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी आली. हा निर्बंध मला मान्य आहे. येथे धोका कोणाला, कोठे, कोणत्या घटकेला, हे सांगता येते. कारवाई संपली की निर्बंधही संपतो. टीका करण्यावर, प्रश्न विचारण्यावर त्याने बंधन येत नाही.

याच्या उलट 'अप्रीती' हा शब्द आहे. १८७० चे राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंग प्रकरणात हिंसा व अव्यवस्थेच्या चिथावणीपुरते मर्यादित केले, तरी खटले थांबले नाहीत. ११ मे २०२२ रोजी त्या न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवले. त्या कलमाला आव्हान देणाऱ्यांत एक निवृत्त मेजर जनरल होते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींचे १५२ वे कलम आहे आणि त्याची भाषा ऐसपैस आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात, एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, नुसते 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द उच्चारून सरकारला मोकळे होता येणार नाही. कारण दाखवावे लागेल, आणि बंद लिफाफ्यातली कारणे दुसऱ्या पक्षाचा बचावाचा हक्क हिरावून घेतात.

जुन्नरच्या इतिहासातून मला तीन कसोट्या सापडतात. सुरक्षिततेचा कोणताही नवा कायदा आला की त्या लावून पाहाव्यात. पहिली : हानी नेमकी सांगता येते काय? २००८ मध्ये ती सांगता येत होती, १८९७ मध्ये येत नव्हती. दुसरी : निर्णय कोणाचा, कारण लेखी मिळते काय आणि दाद मागता येते काय? १८७८ मध्ये ती मागता येत नव्हती. तिसरी : या कायद्याचे ओझे कोणावर पडते? १९१० ची अनामत सर्वांसाठी सारखी होती, पण ती पत्र काढू पाहणाऱ्या अस्पृश्याला चिरडणारी होती. पहिल्या दोन कसोट्या कायद्याच्या पुस्तकात मिळतील. तिसरी मिळणार नाही. ती आपणच लावली पाहिजे.

आणि चौथा प्रश्न सरकारला नाही, आपल्याला आहे. आपण छापतो काय? 'असूडा'ची पुढची प्रकरणे लिटनने अडवली नव्हती, आपल्याच माणसाच्या छापखान्यात ती अडली. आज आमच्या भागात वनहक्काच्या दाव्यांची, धरणाखाली गेलेल्या डिंभे परिसरातील आदिवासी गावांची, शिष्यवृत्ती रखडलेल्या मुलांची प्रकरणे अशीच पडून आहेत. ती लिहायला गुप्ततेचा कोणताही कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो पुढाऱ्याचा रोष, जाहिरातीचा पैसा, गावातील तेढीची भीती. शिक्षकांनी कलम १९(२) वर्गात शब्दाशब्दाने वाचून घ्यावे, कार्यकर्त्यांनी प्रत्येक घटनेची तारीखवार लेखी नोंद ठेवावी, आणि आपल्या नियतकालिकांनी ती नोंद नावानिशी उत्तरदायी राहून छापावी. होन्याच्या माणसांना हे शक्य नव्हते. आपल्याला ते शक्य आहे, म्हणून दोन प्रकरणांवर थांबण्याची सबब आपल्याला देता येणार नाही.